जहाजावरचा काळा कोट आणि मामांचा लेंगा

मागील थ्रेडमध्ये खानदेश भिल्ल कोअरविषयी लिहिताना पुढचा विषय सातपुड्यातील जंगल कायदे असेल, असे कबूल केले होते. तो विषय पुढे ढकलतो आहे. कारण घरगुती आहे आणि ते आधीच सांगून टाकणे बरे.

माझे मामा शहादा तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षक. पांढराशुभ्र लेंगा, तसाच सदरा, डोक्यावर टोपी. नोकरीत आणि निवृत्तीतही हाच वेष. गेल्या महिन्यात मुलाने त्यांना मुंबईहून तीन रात्रींच्या जहाजसहलीला नेले. दुसऱ्या रात्री भोजनगृहात ‘फॉर्मल नाइट’ होती. दारावरच्या तरुणाने अत्यंत नम्रपणे सांगितले, “सर, नाइट ड्रेस में अलाउड नहीं है.” मुलाने स्वतःची पँट देऊ केली. मामांनी ती नाकारली आणि केबिनमध्ये बसून चिवडा खाल्ला. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “काय सांगू भाचा, आपला कपडा तठे चालना नही.”

हे चार ओळींत लिहिले, तर प्रतिसादांचा पाऊस पडला. एका पक्षाचे म्हणणे असे की जहाजावरचा ड्रेसकोड ही दीडशे वर्षांची परंपरा आहे, ती पाळायची नसेल तर जाऊ नये; नाहीतर लोक बर्म्युडा घालून पंगतीला बसतील. दुसरा पक्ष म्हणतो, सुट्टीचे पैसे मी मोजले, कपडे माझे मी ठरवीन. तिसरा पक्ष सर्वांत कडाडला : सूट म्हणजे गुलामी, तो घालणारा प्रत्येक जण मेकॉलेचा मानसपुत्र. मला या तिन्ही पक्षांशी भांडायचे आहे. पण पहिल्याशी अधिक, कारण तो इतिहासाचे नाव घेतो.

तेव्हा परंपरेपासून सुरुवात करू. ज्या काळ्या डिनर जॅकेटला आज सभ्यतेची परिसीमा मानले जाते, ते मुळात एक सवलत होते. इंग्रज उमरावांचा खरा सायंवेष म्हणजे मागे लांब शेपट्यांचा टेलकोट. १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांकडून एक आखूड, सैल जॅकेट शिवून घेतले, घरगुती जेवणात आरामात बसता यावे म्हणून. अमेरिकेत १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळील टक्सिडो पार्कमध्ये ते रुळले आणि त्या गावाचे नाव त्याला चिकटले. म्हणजे ‘नियम मोडू नका’ असे बजावणारा हा कोट स्वतःच एक मोडलेला नियम आहे. जुन्या वळणाच्या यजमानांना तो आजच्या बर्म्युडाइतकाच खटकला असेल.

समुद्रावर हा नियम कसा चालला, तेही पाहण्याजोगे आहे. पहिल्या आणि शेवटच्या रात्री जेवणासाठी पोशाख बदलायचा नाही, असा संकेत होता. कारण साधे : पहिल्या दिवशी पेटारे उघडलेले नसत, शेवटच्या दिवशी बांधून झालेले असत. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर तांबड्या समुद्रातला उकाडा इंग्रजांच्या वाट्याला नित्याचा झाला. तिथेही सोय निघाली. ब्रिटिश नौदलात ‘रेड सी रिग’ नावाचा वेष मान्य झाला : कोट वगळावा, सदरा आणि कमरपट्टा पुरेसा. लक्षात घ्या, पेटाऱ्यांची अडचण झाली की नियम वाकतो, घामाची झाली तरी वाकतो. मामांच्या लेंग्यासाठी मात्र तो पोलादाचा होतो.

(जाता जाता : ‘पॉश’ हा शब्द जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या महागड्या केबिनवरून आला, असे तिघांनी लिहिले आहे. ही दंतकथा आहे. तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही.)

आणि हा नियम जहाजावर सर्वांना कधीच लागू नव्हता. तो पहिल्या वर्गाच्या सलूनपुरता होता. तळाच्या वर्गात आणि डेकवर कोण काय घालतो, याची कंपनीला फिकीर नव्हती. पोशाखाचे काम शिष्टाचार टिकवणे हे नव्हतेच. वरच्या मजल्यावरचा कोण आणि खालच्या मजल्यावरचा कोण, हे दुरून ओळखू यावे, हे होते. १९५८ नंतर जेट विमानांनी अटलांटिकची प्रवासी वाहतूक पळवली, जहाजे पोचण्यासाठी न राहता फिरण्यासाठी उरली आणि पूर्वी जन्माने मिळणारी पहिल्या वर्गातील संध्याकाळ आता प्रत्येकाला तिकिटासोबत विकता येऊ लागली. कुनार्डच्या जहाजांवर आजही ‘गाला’ रात्री होतात. याउलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये ‘फ्रीस्टाइल’ म्हणत सक्तीच्या फॉर्मल रात्री काढून टाकल्या आणि त्यामुळे समुद्र आटला नाही. दोन्ही कंपन्या माल विकत आहेत. एकीच्या मालाला ‘संस्कृती’ म्हणायचे आणि दुसरीच्या मालाला ‘ऱ्हास’, हे इतिहासाचे नव्हे, जाहिरातीचे वाक्य झाले.

या सलूनचे दुसरे दार मात्र आपल्याकडचे कुणी पाहत नाही. पी अँड ओ कंपनीची मुंबईहून जाणारी जहाजे आपल्याच माणसांच्या बळावर चालत. डेकवर लस्कर, त्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान पुष्कळ. सलूनमध्ये वाढपी गोव्याचे, जे मुंबईत आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहून पुढच्या जहाजाची वाट पाहत. त्यांनाही ड्रेसकोड होताच. गोवेकर वाढप्याला पांढरा शुभ्र गणवेश. डेकवरच्या लस्कराला निळा कशिद्याचा लांब अंगरखा, कमरेला तांबडा पट्टा, डोक्यावर टोपी आणि तिच्याभोवती रुमाल. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत पगार अत्यल्प, झोपायला जागा कमी. पण पोशाख डोळ्यांत भरणारा. प्रवाशाने काळा कोट घालून सगळ्यांसारखे दिसायचे आणि लस्कराने रंगीत ‘देशी’ वेषात देखावा व्हायचे. म्हणजे देशी कपडे जहाजावर चालत होते. वाढणाऱ्याच्या, दोर ओढणाऱ्याच्या अंगावर ते उत्तम चालत होते. प्रश्न ते घालून खुर्चीवर बसण्याचा होता.

आता आपले प्रवासी. १८८८ हे वर्ष मला विलक्षण वाटते. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात हरि रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ समारंभ केला. जडजवाहिरांनी मढलेल्या पाहुण्यांत महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात येऊन बसले आणि राजपुत्राला त्यांनी सुनावले की हा देश पाहायचा तर खेड्यात चला, इथे बसलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरातून ‘क्लाइड’ बोट निघाली. तिच्यावर जुनागढचे एक वकील आणि अठरा वर्षांचे मोहनदास गांधी होते. गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की ते भोजनगृहात जातच नसत. काटे-चमचे धरता येत नव्हते, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नव्हते. ते केबिनमध्ये बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे खात. बोटीवर काळा सूट वापरला, उतरताना शोभून दिसावे म्हणून पांढरा फ्लॅनेलचा सूट राखून ठेवला. सप्टेंबरअखेर साउदॅम्प्टनला उतरले, तर त्या धक्क्यावर पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच.

एकशे छत्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आणि मामा केबिनमध्ये चिवडा खात बसले. योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला तो सोडवत नाही.

त्याआधी पाच वर्षे, १८८३ च्या फेब्रुवारीत, अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाई जोशी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, सभेत उभ्या राहिल्या आणि आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणून परत येऊ, वेष आणि रीत सोडणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या जहाजात चढल्या. पुढे अमेरिकेत नऊवारीतून पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. बदल झाला, पण तो दारावरच्या माणसाच्या आज्ञेने नव्हे. थंडी, लोकरीत आणि स्वतःचा विवेक यांची सांगड घालून त्यांनीच तो केला. मी जो फरक पुन्हा पुन्हा मांडू पाहतो आहे, तो इथे स्पष्ट दिसतो.

आता तिसऱ्या पक्षाकडे वळतो. सूट म्हणजे गुलामी असे लिहिणाऱ्यांनी १९३१ चा ऑगस्ट आठवावा. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी त्या महिन्यात दोन आठवड्यांच्या अंतराने मुंबईहून दोन माणसे निघाली. ‘राजपुताना’ बोटीवर गांधी, पंचा नेसून. पुढे त्याच पंच्यात ते बकिंगहॅम राजवाड्यात गेले. आणि त्यांच्या आधी निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सुटात. कोण स्वतंत्र आणि कोण गुलाम?

ज्या समाजात कोणी काय नेसावे, किती नेसावे, कोणत्या धातूचा दागिना घालावा हे जात ठरवत होती, तिथे नीट शिवलेला सूट ही बंडाची वस्त्रे होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, ते जड चांदी-कथिलाचे दागिने टाका. त्रावणकोरात शाणार स्त्रियांना अंग झाकण्याच्या हक्कासाठी १८५९ पर्यंत झगडावे लागले. ‘आपला पारंपरिक वेष’ या शब्दांत कुणासाठी अभिमान आणि कुणासाठी शिक्षा दडलेली आहे, हे न विचारता संस्कृतीचा झेंडा फडकवणारे आणि काळ्या कोटाचा आग्रह धरणारे, दोघेही एकाच दारावर उभे आहेत.

पहिल्या पक्षाचा एक युक्तिवाद मात्र मी गंभीरपणे घेतो. “खासगी जहाज आहे, नियम आधी कळवलेले असतात, शिवाय भारतीय पोशाखालाही मुभा असते.” नियम आधी कळवणे योग्यच. पण ‘भारतीय फॉर्मल’ म्हणजे काय, हे विचारून पाहा. उत्तर येते : शेरवानी, बंदगळा, जोधपुरी. हे सारे दरबारी पोशाख आहेत. संस्थानिकांनी व्हाइसरॉयला भेटताना घालायचे. दरबाराचा वेष ‘राष्ट्रीय’ ठरला आणि शेताचा वेष ‘नाइट ड्रेस’. आमच्याकडे लग्नात, दशक्रियेत, ग्रामसभेत मान्यवराचा सत्कार टॉवेल-टोपीने होतो. त्या टोपीहून औपचारिक वस्तू आमच्या जिल्ह्यात नाही. मामांनी त्या रात्री आपल्या परीने सर्वांत फॉर्मल कपडे घातले होते. सकाळीच केबिनमधली इस्त्री मागवून लेंग्याला कडक घडी केली होती, असे मुलगा सांगतो.

आणि खासगी मालकीचे म्हणाल, तर मुंबईच्या क्लबांचा इतिहास आठवा. यॉट क्लबने भारतीय पाहुण्याला आत घेतले नाही म्हणून लॉर्ड विलिंग्डनने दोघांसाठी खुला असा नवा क्लब काढला, असे सांगितले जाते. त्याच विलिंग्डन क्लबने १९८८ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून परत पाठवले. तमिळनाडूत जुलै २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्याबद्दल दारावर अडवले. विधानसभेने पुढच्याच महिन्यात कायदा केला : पारंपरिक वेषामुळे सार्वजनिक जागी, क्लबात प्रवेश नाकारता येणार नाही; नाकारल्यास शिक्षा आणि परवाना रद्द. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला हे करायला कुणी अडवलेले नाही. उलट डिसेंबर २०२० मध्ये आपल्या सरकारने परिपत्रक काढले ते कर्मचाऱ्यांनी जीन्स, टी-शर्ट आणि चपला घालू नयेत म्हणून. धडगावच्या घाटात पावसाळ्यात बूट घालून चढणारा ग्रामसेवक तेव्हा मंत्रालयातील कुणाच्या डोळ्यांसमोर असेल, असे वाटत नाही.

‘पण कपड्यांनी माणूस घडतो’ असे एकाने लिहिले आहे. आमच्या भागात हा प्रयोग होऊन गेला आहे. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. गणवेश घातलेला भिल्ल ‘सुधारलेला’ आणि लंगोटीतला भिल्ल ‘लुटारू’, अशी वाटणी कागदोपत्री झाली. डोंगर तोच, माणूस तोच, भाऊ भावाविरुद्ध. मागच्या थ्रेडमध्ये हे सविस्तर आले आहे, म्हणून इथेच थांबतो.

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. पण पाणी आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्यात अक्कलकुवा आणि अक्राणीची नर्मदाकाठची गावे गेली, आणि उरलेल्या पाड्यांपर्यंत पोचायला होडीच लागते. तिथे आरोग्य विभागाचे तरंगते दवाखाने फिरले आहेत. लंगोटीतला म्हातारा, लुगड्यातली बाळंतीण, जीन्समधला पोरगा एकाच फळीवर बसून त्या पाण्यावरून जातात. त्यांना त्या बोटीवर कुणी पोशाख विचारला, असे मी अजून ऐकलेले नाही.

शेवटी एक विनंती. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या कुडांत ज्यांच्या घरी आगबोटीवर नोकरी केलेल्या आजोबा-पणजोबांचे गणवेशातील छायाचित्र असेल, त्यांनी ते मला पाठवावे. नाव न छापता वापरीन. पुढचा थ्रेड त्या निळ्या अंगरख्यांवर असेल. जंगल कायदे त्यानंतर, हे नक्की.