आडनाव विचारणारे माळकरी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वारीत अनोळखी माणसाच्या पायावर डोके ठेवता, तेव्हा आडनाव विचारत नाही. मग घरी परतल्यावर भाड्याने खोली मागणाऱ्याचे आडनाव आधी का विचारता? ‘आमच्या इमारतीत असली माणसे चालत नाहीत’ हे वाक्य गळ्यात माळ असताना जिभेवर येतेच कसे?

तुकोबारायांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशहा फकिरांच्या दर्ग्यापाशी होते. नामदेवरायांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. संतांनी उंबरठे ओलांडले. आपण दारांना कुलपे लावली.

कोणी म्हणेल, ‘महाराज, त्यांचा आहार वेगळा, रीत वेगळी.’ अहो, काल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र होतात, त्या काय सारख्या असतात म्हणून? तुमचे व्रत तुम्ही जरूर पाळा. शेजाऱ्याच्या चुलीवर ते लादू नका. माळ आपल्या गळ्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दाराला अडसर म्हणून नव्हे.

येत्या एकादशीला एवढेच करा. ज्या शेजाऱ्याकडे कधी गेला नाहीत, त्याचे दार वाजवा. त्याचे दुखलेखुपले विचारा. द्वादशीला पंगतीत त्याला आपल्या शेजारी बसवा. एवढेही होत नसेल, तर पुढच्या वारीत कोणाच्या पाया पडताना जरा थांबा आणि विचार करा.