जबाबदारी कोण घेणार?




गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलाला पोहणं शिकवायला म्हणून एका तरण तलावावर नेलं. त्याचा डावा हात कोपराखाली नाही. खिडकीतल्या माणसाने पैसे घेतले, हात पाहिला आणि पैसे परत केले. “काका, काही झालं तं जबाबदारी कोन घेईन?” तलावाचं नाव लिहीत नाही, असं उत्तर देणारा तो एकटाच असेल असं वाटत नाही.

करमाळ्याच्या सुयश जाधवचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. अकराव्या वर्षी लोखंडी सळई विजेच्या तारेला लागली आणि दोन्ही हात कोपराखाली गेले. पुढे 2016च्या रिओ पॅरालिंपिकमध्ये तो पोहला, 2018ला जकार्तात आशियाई पॅरा स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं सुवर्ण आणलं, 2020चा अर्जुन पुरस्कार मिळवला. बातम्यांत एकच शब्द फिरतो: जिद्द. जिद्द होतीच, पण त्याच्या घरी पोहणं जाणणारे वडील होते आणि पुण्यात तपन पाणिग्रहींसारखे प्रशिक्षक मिळाले, हे कोण सांगणार? असा अपघात इथेही होऊ शकतो; आमच्या काटोलच्या संत्र्याच्या बागांतून लोंबणाऱ्या तारा काही कमी नाहीत. इथल्या मुलाला जिद्द शिकवायची गरज नाही, त्याला पाण्यात उतरू द्या.

आणि खर्च म्हणाल, तर या खेळाला तो फारसा लागतच नाही. पाय गमावलेल्या धावपटूला पळायला महागडी कृत्रिम पाती लागतात. पॅरा जलतरणाच्या स्पर्धेत मात्र कृत्रिम हातपाय लावून पोहताच येत नाही. बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात टेकवायचे असतात; ज्याला हात नाहीत, त्याने शरीराच्या वरच्या भागाने स्पर्श केला तरी चालतो. एवढा बारकावा नियमांत आहे, तिकीट खिडकीवर नाही.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 30 खेळाच्या सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला सरकारला सांगतं. पण आपल्याकडे सगळंच उशिरा होतं: पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी 1972ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात 37.33 सेकंदांत सुवर्ण जिंकलं. अर्जुन पुरस्कार हाती पडला 2025मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. सत्काराला इतका उशीर एक वेळ खपेल. पोहायला शिकायचं वय मात्र थांबत नाही.

नगर परिषदेने आणि क्रीडा खात्याने एवढंच करावं: तालुक्यातल्या आणि नागपूरच्या प्रत्येक तलावावर रोज एक तास आणि एक शिकवणारा माणूस दिव्यांग मुलांसाठी ठेवावा. ज्याला नाकारायचं असेल, त्याने कारण लेखी द्यावं. आमच्या गल्लीतला मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. उन्हाळा मार्चपासून लागतो.

— एक वाचक, काटोल