सुटीतली पुस्तके आणि संस्कारांची यादी

एप्रिल सरत आला, परीक्षा आटोपल्या की मराठी शाळांतून आणि घरांतून एक यादी फिरू लागते. ‘सुटीत वाचावयाची पुस्तके’ हे तिचे शीर्षक. शिक्षक किंवा ग्रंथपाल सद्हेतूने ती तयार करतात, पालक ती जपून ठेवतात आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा तिच्यातली बहुतेक पुस्तके न उघडलेलीच असतात. याचा दोष आधी दूरचित्रवाणीला, मग संगणकाला आणि आता मोबाइलला देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या दोषारोपात तथ्य नाही असे नाही. परंतु यादीतच काही दोष आहे की काय, हेही एकदा तपासावयास हवे. आमच्या मते ते काम साहित्याच्या विद्यार्थ्यांचे आणि अध्यापकांचे आहे, आणि ते आपण आजवर पुस्तक-प्रदर्शनांतील विक्रेत्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

आधी वयाचा विचार करू. येथे आमच्यासमोर आहेत ती चौथी ते सातवीतली, म्हणजे साधारणपणे नऊ ते बारा वर्षांची मुले. जीन चॉल या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८३ साली वाचनविकासाच्या टप्प्यांची मांडणी केली. तिच्यात एक महत्त्वाचे वळण चौथीच्या सुमारास येते. तोवर मूल ‘वाचायला’ शिकत असते. तेथून पुढे ‘वाचून’ शिकू लागते. पहिल्या टप्प्यात पुस्तकातले शब्द बहुधा कानावरून गेलेले असतात. दुसऱ्या टप्प्यात असे शब्द भेटू लागतात, जे घरात कोणी उच्चारत नाही. ज्या घरात पुस्तके आहेत तेथील मूल हे वळण नकळत पार करते. ज्या घरात नाहीत तेथील मूल नेमके येथेच अडखळते. ‘असर’च्या २०२२ आणि २०२४ या दोन्ही अहवालांनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नव्हता. तेव्हा सुटीच्या यादीचा प्रश्न हा हौशी मंडळींच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. दीड महिना एकही ओळ न वाचणाऱ्या मुलाचे जूनमध्ये काय होते, हे पाचवीच्या कोणत्याही वर्गशिक्षकाला ठाऊक असते.

या वयाची पहिली गरज आहे ती पुष्कळ वाचण्याची. वाचनाचा वेग, दम आणि डोळ्याला लागणारे वळण हे सारे सरावाने येते. आणि सराव कंटाळत होत नाही. आता आपली नेहमीची यादी पाहा. अग्रभागी ‘श्यामची आई’. मागोमाग थोर पुरुषांची चरित्रे, बहुधा चौसष्ट पानांची. मग इसापनीती, पंचतंत्र, बिरबल. शेवटी जगप्रसिद्ध कादंबऱ्यांचे संक्षेप, ज्यांवर ना अनुवादकाचे नाव असते ना संक्षेप करणाऱ्याचे. यांतले प्रत्येक पुस्तक वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र सर्वांच्या निवडीमागचे कारण एकच आहे, आणि ते म्हणजे संस्कार. मुलाने हे वाचून चांगले व्हावे, एवढीच अपेक्षा. मुलाने हे वाचून पुढचे पुस्तक मागावे, अशी अपेक्षा या यादीत कोठेच दिसत नाही. प्रौढांनी आपल्यासाठी अशी यादी केली असती तर ती कोणी पाळली असती काय?

‘श्यामची आई’विषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण त्या पुस्तकाचे नाव घेतले की चर्चा थांबते. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची रचना लक्षात घ्यावी. आश्रमातल्या मित्रांना श्याम रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. म्हणजे हे मुळात ऐकावयाचे पुस्तक आहे. त्यातली वाक्ये बोलणाऱ्याच्या श्वासाने चालतात आणि त्यातला गहिवर सांगणाऱ्याच्या आवाजाची अपेक्षा करतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ते देऊन ‘वाच आणि तात्पर्य लिही’ असे सांगितले की त्याच्या वाट्याला फक्त उपदेश येतो. कोकणातले ते घर, ती गरिबी, आई आणि मुलगा यांच्यातले रुसवेफुगवे निसटून जातात. म्हणून आमचे सुचवणे असे की ‘श्यामची आई’ मुलाच्या यादीतून काढून मोठ्यांच्या यादीत घालावी. घरातल्या कोणी रोज एक रात्र वाचून दाखवावी. मे महिना आणि अर्धा जून मिळून दिवसही साधारण तेवढेच भरतात. ज्या पुस्तकाचा आपण इतका आदर करतो, त्याला आपल्या आवाजाची पाव तासाची सोबत देणे अवघड वाटू नये.

मग मुलाने स्वतः वाचावे असे काय? येथे आम्ही मालिका-पुस्तकांची बाजू घेऊ इच्छितो. समीक्षेला मालिका आवडत नाहीत. तोच नायक, तेच साचे, ठरलेला शेवट. पण नवशिक्या वाचकाला हवा असतो तो हाच ओळखीचा आधार. पहिल्या पुस्तकात पात्रे, स्थळे, लेखकाची ढब यांच्याशी ओळख करून घेण्याचे कष्ट पडतात; दुसऱ्यापासून ते कष्ट वाचतात आणि सारे लक्ष कथेकडे लागते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याचे उत्तम उदाहरण आहे. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा पुण्याच्या शाळेत येतो आणि पुढे प्रतापगड, काश्मीर, आगरतळा असा कोठे कोठे पोहोचतो. भागवतांची भाषा चपळ आहे, विनोद कोट्यांवर न थांबता प्रसंगातून येतो आणि संकटातून वाट काढतो तो मुलगाच, कोणी मामा-काका नव्हे. ना. धों. ताम्हणकरांचा ‘गोट्या’ आणि त्यांचीच ‘चिंगी’ आज भाषेने थोडी जुनी वाटतील, पण खोडकरपणा जुना झालेला नाही. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ गोष्टीगोष्टींचा आहे; एका बैठकीत एक गोष्ट संपते, हा धापा टाकत वाचणाऱ्या मुलासाठी मोठा गुण. या पुस्तकाला २०११ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, हे ‘करमणुकीची पुस्तके’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. मुलांच्या आवडीवर सोडले तर ती हलकेफुलकेच वाचत राहतील, त्यांची अभिरुची घडणार कशी? अभिरुची घडविण्याचे उत्तरदायित्व आम्ही नाकारत नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझेन यांनी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात केलेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. गरीब वस्तीतील शाळांच्या मुलांना सलग तीन उन्हाळे दर वर्षी बारा पुस्तके घरी नेण्यास दिली गेली, आणि ती पुस्तके मुलांनीच निवडली होती. ज्यांना अशी पुस्तके मिळाली नाहीत त्यांच्यापेक्षा या मुलांची वाचनातली प्रगती चांगली दिसली. कोणी परीक्षण लिहून घेतले नाही, कोणी तात्पर्य विचारले नाही. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांत पाने गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचाही हक्क आहे. आपण मोठी माणसे हे हक्क रोज बजावतो. मुलाने बजावला की त्याला ‘धरसोड’ म्हणतो.

निवडीचा हक्क मुलाला द्यावयाचा म्हणजे शिक्षकाने हात झटकावेत असे नव्हे. ज्या ढिगातून मूल निवडणार, तो ढीग कोणता असावा हे ठरविणे ही शिक्षकाची खरी कसोटी आहे. आणि येथे मराठी बालसाहित्याच्या परंपरेकडे डोळसपणे पाहावे लागते. वर नावे घेतलेले नायक पाहा. गोट्या, चिंगी, बोक्या, फुरसुंगीहून पुण्यास आलेला फेणेसुद्धा, ही मुले बहुतांशी पांढरपेशा घरांतली किंवा त्या घरांत रुळलेली आहेत. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर सहा महिने कारखान्याच्या तळावर राहणाऱ्या मुलीला, मेळघाटातल्या कोरकू मुलाला या पुस्तकांत आपले घर दिसत नाही. परक्याच्या घरात डोकावणे हे वाचनाचे सुख आहेच. पण सगळीच घरे परकी असली तर वाचक दारातूनच परततो.

म्हणून ढिगात एल. एम. कडू यांचे ‘खारीच्या वाटा’ असावे; धरणात गेलेल्या गावाचे बालपण त्यात आहे. २०१७ सालचा अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्याला मिळाला. सलीम मुल्ला यांचे ‘जंगल खजिन्याचा शोध’ असावे, त्याला २०१९ साली तोच पुरस्कार लाभला. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ असावी. मुलगी स्वतःच्या वहीत लिहिते आहे हे पाहून वाचणारीलाही लिहावेसे वाटते, आणि तसे कोणी सांगावे लागत नाही. सातवीतल्या मुलांसाठी आनंद यादवांच्या ‘झोंबी’तले निवडक भाग शिक्षकाने वाचून दाखवावेत. शाळेसाठी बापाशी झगडणाऱ्या मुलाची ती कहाणी वर्गातल्या काहींची स्वतःची असते.

कवितेला आणि नाटकाला आपल्या याद्यांत जागाच नसते, हे विशेष खटकते. विंदा करंदीकरांचे ‘राणीची बाग’ किंवा ‘एटू लोकांचा देश’ लहानांचे म्हणून बाजूला सारू नये. अडखळत वाचणाऱ्या पाचवीच्या मुलाला यमक पुढचा शब्द सुचवते आणि तो वाचू शकतो. रत्नाकर मतकरींची ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नाटके चारपाच मुलांनी भूमिका वाटून घेऊन वाचावीत. एकट्याने न वाचणारे मूल टोळीत वाचते. अनुवादांत शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ आणि राम पटवर्धन यांचे ‘पाडस’ ही पुस्तके संक्षेपांना उत्तर आहेत. ‘पाडस’ दीर्घ आहे आणि त्याचा शेवट मुलाला रडवतो. पण भरपूर वाचून दम आलेल्या सातवीच्या मुलाला ते रडणे झेपते, किंबहुना त्याच्यासाठीच ते पुस्तक आहे. काय निवडावे हे उमगत नसेल तर माधुरी पुरंदरे यांनी संपादिलेले ‘वाचू आनंदे’चे भाग उघडावेत. मराठीतील वेचे आणि भारतीय चित्रकला यांची सांगड घालणारे ते संच म्हणजे निवड कशी करावी याचा धडाच आहे.

पुस्तक हाती घेतल्यावर शिक्षकाने काय पाहावे? आमच्या तीन साध्या कसोट्या आहेत. मधले कोणतेही पान मोठ्याने वाचून पाहावे. जीभ अडखळली तर भाषा कृत्रिम आहे असे समजावे. लेखक, अनुवादक, चित्रकार यांची नावे छापली आहेत का ते पाहावे. ज्याने नाव दिले नाही त्याने जबाबदारीही घेतलेली नसते. आणि कथेतले मूल स्वतः काही करते की केवळ मोठ्यांचे ऐकते, हे पाहावे.

एवढे करूनही पुस्तक मुलापर्यंत पोहोचले नाही तर सारे व्यर्थ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत असे सांगितले आहे. पुष्कळ शाळांत ती आहेतही. परंतु वर्षअखेरच्या मोजदादीसाठी मार्च-एप्रिलमध्ये पुस्तके परत मागविली जातात, कपाटाला कुलूप लागते आणि वाचावयास सर्वांत मोकळा वेळ असतो तेव्हाच पुस्तके बंदिस्त होतात. पुस्तक हरवले तर जाब द्यावा लागेल, ही शिक्षकाची भीती खरी आहे. पण फाटलेले पुस्तक निर्लेखित करण्याची सोय असते. न वाचता मोठ्या झालेल्या मुलाचे काय करावे याची सोय कोणत्याही नोंदवहीत नाही. मुख्याध्यापकांनी सुटीपूर्वी प्रत्येक मुलाला स्वतः निवडलेली पाचसहा पुस्तके घरी न्यावयास द्यावीत. दोन हरवली तर हरवू द्यावीत. जेथे कपाटच रिकामे आहे तेथे १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक ‘बालभारती’ने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, आणि ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत आहेत. ज्या मोबाइलला आपण दोष देतो, त्यावरच त्या वाचता येतात.

शेवटी आपल्या मंडळींना एक विनंती. साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतून बालसाहित्य असते, पण बहुधा एका घटकापुरते, इतिहासाच्या नोंदींपुरते. पुस्तकाची मुलाच्या दृष्टीने समीक्षा करावी, वाक्य कसे चालते, चित्र मजकुराला काय देते, विनोद कोणाच्या जिवावर होतो हे पाहावे, अशी शिस्त आपण घडविलेली नाही. ती नसल्यामुळेच यादी ‘संस्कार’ या एका शब्दावर निभावून नेली जाते. येत्या सुटीत आपल्यापैकी प्रत्येकाने गेल्या दहा वर्षांतली दहा बालपुस्तके वाचावीत आणि त्यांतली कोणती कोणत्या इयत्तेच्या ढिगात ठेवावीत, का ठेवावीत, हे लिहावे. वाईट असतील त्यांना वाईट म्हणावे. मराठी वाचक कमी झाला अशी खंत करणारे परिसंवाद आपण पुष्कळ केले. पुढचा वाचक आज पाचवीत आहे, आणि त्याच्या शाळेच्या कपाटाची किल्ली आपल्यापैकीच कोणाकडे तरी आहे.