बिऱ्हाड कोण देणार?

नाटकात काम करण्यासाठी मुंबईस गेलेली मुलगी सणासुदीला गावी आली, की मिस्सानंतर चर्चच्या आवारात तिच्याविषयी दोन प्रश्न हमखास निघतात : ती राहते कुठे आणि रात्री परतते किती वाजता? सूर काळजीचा असतो. निकाल मात्र आधीच लागलेला असतो. त्या निकालाविरुद्ध आम्हांस लिहावयाचे आहे.

निडीचेच उदाहरण घ्या. नागोठणे आणि रोहा यांच्यामधले हे लहानसे स्थानक. दादरच्या शिवाजी मंदिरात रात्रीच्या प्रयोगाचा पडदा पडतो, तेव्हा निडीला उतरवील अशी गाडी उरलेली नसते. तेव्हा या पट्ट्यातील मुलीने नाटक करावयाचे, तर मुंबई-ठाण्यात राहण्यावाचून गत्यंतर नाही. एकटीला भाडे परवडत नाही, म्हणून तिघी-चौघी मिळून अनामत रक्कम भरतात आणि अकरा महिन्यांच्या करारावर एक खोली घेतात. मिळकत म्हणावी तर प्रयोगागणिक मिळणारी 'नाईट'. प्रयोग रद्द झाला की तीही बुडाली. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा भाडे काही थांबले नव्हते. या काटकसरीच्या संसारास स्वैराचार म्हणणाऱ्यांनी त्या खोलीतला हिशेब एकदा पाहावा.

पूर्वी हा प्रश्न नाटक कंपनीच सोडवीत असे. कंपनीचे बिऱ्हाड असे, मुदपाकखाना असे, पंगत असे. गंधर्व नाटक मंडळीच्या पंगतींच्या आठवणी जुनी माणसे कौतुकाने सांगत. पण त्या बिऱ्हाडात स्त्रीभूमिका करणारेही बहुतेक पुरुषच होते. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई कामत लहानग्या कमलेला घेऊन फिरत्या रंगभूमीवर गेल्या, तर त्यांच्या वाट्यास बहिष्कार आला. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये याच मायलेकींनी भूमिका केल्या. पुढे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या कुलीन घरच्या स्त्रिया पुरुषांबरोबर रंगमंचावर आल्या. तोवर बोलपट आले होते आणि कंपन्यांचे दिवस भरत आले होते. स्त्रीला रंगमंच खुला झाला आणि त्याच सुमारास बिऱ्हाड मोडले. त्या मोडलेल्या बिऱ्हाडाचा दोष आपण आजच्या मुलींच्या माथी मारीत आहोत.

कोणी म्हणतील, नाटकाचे क्षेत्रच धोक्याचे. धोका आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मुलीच्या गरजेचा गैरफायदा घेणारी माणसे त्या क्षेत्रात आहेत, तशी ती इतरत्रही आहेत. परंतु जिला महिनाअखेरीस खोली सोडावी लागण्याची धास्ती आहे, तिला अशा माणसास 'नाही' म्हणणे किती जड जात असेल? निर्धास्त छप्पर हेच तिच्या शीलाचे पहिले रक्षण. ते न देता तिला उपदेश देणे म्हणजे बुडत्याला काठावरून पोहण्याचे नियम सांगणे होय.

आपल्याच घरच्या परिचारिका रात्रपाळी करून पहाटे परततात. त्यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. मग रात्री बारा वाजता परतणारी नटी संशयित का? ज्या वसतिगृहाचे दार रात्री नऊला बंद होते, तेथे ती राहणार कशी? त्या वेळी तिचा पहिला अंक चालू असतो.

ख्रिस्तसभेचा इतिहासही आपण नीट वाचावा. १६७३ साली फ्रान्समध्ये मोलिएर या नाटककार-नटाचे दफन रात्रीच्या अंधारात उरकावे लागले. १७३० साली आद्रिएन लकुव्हर या नटीस तर ख्रिस्ती दफनच नाकारले गेले. याच ख्रिस्तसभेने २०१४ साली एका माजी नटास संत म्हणून गौरविले. पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी, नाझी अंमलाखालील क्राकूव शहरात, चोरून नाटके करीत. प्रयोग लोकांच्या राहत्या घरांत होत. १९४१ साली त्यांचे नाट्यगुरू कोटलार्चिक सपत्नीक त्या शहरात आले, तेव्हा तरुण करोलने त्यांना आपल्याच बिऱ्हाडात ठेवून घेतले. कलावंताला जागा देणे हे ख्रिस्ती कृत्य आहे, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

म्हणून आमची मागणी साधी आहे. मुंबई, ठाणे, वसई आणि पनवेल येथील ज्या कुटुंबांत एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी ती रास्त भाड्याने अशा दोघी-तिघींना द्यावी, आणि दाराची एक किल्लीही द्यावी. धर्मभगिनींनी आपल्या वसतिगृहांत परिचारिकेच्या रात्रपाळीइतकाच मान नाटकाच्या प्रयोगाला द्यावा. धर्मग्राम परिषदांनी अशा घरांची यादी करून ती पेण-रोह्याकडील धर्मग्रामांस कळवावी. आणि हे करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी निदान चर्चच्या आवारात त्या मुलींच्या घरी परतण्याच्या वेळा मोजू नयेत.