घरमालक आलेच नाहीत

सान हुआनच्या जुन्या शहरात कासा ब्लांका नावाचा एक पांढराशुभ्र वाडा आहे. खाली उपसागर, आवारात बाग, बागेत कारंजी. वाडा कुणाचा? पोर्तो रिकोचे पहिले स्पॅनिश गव्हर्नर हुआन पोन्से दे लेऑन यांचा. साहेब इथे राहिले किती दिवस? एकही नाही. घर उभं राहायच्या आत साहेब फ्लोरिडा बळकवायला निघाले. तिथल्या कालुसा लोकांनी बाणानं स्वागत केलं आणि 1521 मध्ये हवानात साहेबांनी राम म्हटला.

पहिलं लाकडी घर वादळानं मोडलं. मग जावईबापू हुआन गार्सिया त्रोचे यांनी 1523 मध्ये दगडी बांधलं. वंशजांनी अडीचशे वर्षं उपभोगलं, 1779 मध्ये सरकारला विकलं. 1898 मध्ये बेट अमेरिकेकडे गेलं आणि थेट 1966 पर्यंत तिथे अमेरिकन लष्करी अधिकारी राहिले. इतक्या मंडळींनी तिथे तंगड्या पसरल्या, पण नाव कुणाचं? ज्यानं उंबरठासुद्धा ओलांडला नाही, त्याचं! बांधलं जावयानं, नाव सासऱ्याचं. सातबाऱ्याच्या मुलखातली माणसं आपण, आपल्याला यात नवल कसलं?

साहेबांचं राहतं घर बघायचंय? मग थोडं आत, ग्वायनाबोला चला. भरधाव गाड्यांच्या हमरस्त्याला लागून कापारा नावाची जागा आहे. तिथे आता एका घराचं नुसतं जोतं शिल्लक आहे. अदोल्फो दे ओस्तोस यांनी 1936 मध्ये ते खणून काढलं. गव्हर्नरसाहेब खरेखुरे जेवले, घोरले, हिशेब तपासत बसले ते इथे. घर म्हणजे कचेरीही तीच आणि हत्यारांचं कोठारही तेच. कारंजं नाही.

1508 मध्ये कापारा वसवलं ते सोन्यासाठी. गाव बंदरापासून लांब, मध्ये दलदल, रस्ता असा की माल आणता आणता माणूस अर्धा व्हावा. लोक कावले. तान्ही मुलं जगत नाहीत, गाव समुद्रकाठी हलवा, असा धोशा त्यांनी लावला. विरोध कुणाचा? साहेबांचा. कारण? अहो, साहेबांचं पक्कं घर होतं ना तिथे! प्रजेची पोरं मेली तर मेली, स्थावर मालमत्तेचं काय? याला म्हणतात प्रशासकीय दूरदृष्टी. अखेर 1519 मध्ये स्थलांतराचा हुकूम निघाला आणि 1521 पर्यंत गाव उठून किनाऱ्यालगतच्या छोट्या बेटावर गेलं. तेच आजचं सान हुआन.

आता गंमत बघा. जे शहर होऊच नये म्हणून हा गृहस्थ हटून बसला, त्याच शहरानं त्याला वाडा दिला, कॅथीड्रलमध्ये संगमरवरी समाधी दिली आणि चौकात पुतळा उभारला. इंग्रजांकडून 1797 मध्ये जिंकलेल्या तोफांचं ब्राँझ वितळवून तो ओतला म्हणतात. अशी परतफेड नशिबात असेल तर मीही उद्यापासून प्रत्येक नगरविकास योजनेला आडवा पडतो.

चिरतारुण्याच्या झऱ्याबद्दल बोलतच नाही. तो झरा शोधायला साहेब फ्लोरिडाला गेले, ही दंतकथा त्याला मेल्यावर चिकटवली. त्याला मोहिमेसाठी मिळालेल्या 1512 च्या राजपत्रात झऱ्याचा थेंब नाही. जमीन, सोनं आणि माणसांची वाटणी मात्र आहे. तरी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमध्ये आजही लोक तिकीट काढून ते पाणी पितात. प्या बापडे.

पोर्तो रिकोत अशा वाटणीत सापडली ती तिथली मूळची माणसं, ताइनो. सोनं धुवायला हेच, शेतात राबायला हेच. 1511 मध्ये ते उठले, तेव्हा साहेबांकडे बेसेरियो नावाचा एक कुत्रा होता, पळणाऱ्या ताइनोंचे लचके तोडायला शिकवलेला. त्याच्या कामगिरीबद्दल लुटीत तिरंदाजाएवढा वाटा मिळायचा, तो अर्थातच मालकाच्या खिशात. खाण खणणाऱ्या ताइनोला वाटा नाही, कुत्र्याला आहे! आणि हिशेबाचा हा चोखपणा आम्ही ‘संस्कृतीचं आगमन’ म्हणून शाळेत घोकायचा. त्या कुत्र्याचं नाव इतिहासकारांनी जपून ठेवलं, त्यानं फाडलेल्यांची नावं टिपायला मात्र कुणाची लेखणी रिकामी नव्हती.

2022 च्या जानेवारीत शहराच्या पाचशे वर्षांच्या सोहळ्यासाठी स्पेनचे राजे फेलिपे सहावे येणार होते. विमान उतरायच्या काही तास आधी कुणीतरी साहेबांचा पुतळा चौथऱ्यावरून खाली पाडला. काय धांदल उडाली असेल! पाहुण्यांसमोर पूर्वज आडवा? क्रेन आली, माणसं आली, दिवस उलटायच्या आत साहेब पुन्हा उभे. खड्डा बुजवायला महिने लावणारी नगरपालिका जगात सगळीकडे सारखीच असते, पण यजमानपण करायचं म्हटलं की तिलाही पंख फुटतात. पुतळ्याचं बोट मात्र पूर्वीसारखंच पुढे रोखलेलं. कुठे जायचं ते गृहस्थ अजून सांगतोच आहे, तेही ज्या गावात स्वतः यायला तयार नव्हता, तिथे उभा राहून.