बिऱ्हाड कोठे करावे?

शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि उन्हाने अंगाची लाही होऊ लागली, की या शहराच्या रस्त्यांवर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. लहानशा टेम्पोत लोखंडी कपाट दोरीने उभे बांधलेले असते. त्याच्या आडोशाला गुंडाळलेल्या गाद्या, संगणकाचे खोके, भांड्यांचे बोचके, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी तुळशीची कुंडी मांडीवर सांभाळीत बसलेली गृहिणी. अकरा महिने भरलेले असतात. मालकाने भाडे वाढविलेले असते, किंवा त्याच्या मुलाचे लग्न ठरलेले असते, किंवा इमारत पाडून तेथे मनोरा उभा राहावयाचा असतो. कारण कोणतेही असो, बिऱ्हाड हलते. आणि ते कोठे हलवावे याचा निर्णय बहुधा आठ-दहा दिवसांत, दोन रविवारच्या धावपळीत आणि दलालाच्या मोटारसायकलवर मागे बसून घेतलेला असतो.

हा विषय वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर घेण्याजोगा आहे काय, अशी शंका आमच्या काही वाचकांस येईल. घर निवडणे ही ज्याची त्याची खासगी बाब, तेथे संपादकांनी नाक खुपसू नये, असेही कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. ज्या मुंबईत स्वतःचे घर घेणे हे पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आहे, तेथे कोणी कोणत्या वस्तीत राहावे याचा निर्णय घरातल्या दिवाणखान्यात होतच नाही. तो रेल्वेच्या वेळापत्रकात होतो, विधिमंडळाच्या कायद्यात होतो आणि गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीच्या सभेत होतो.

गेल्या शतकाच्या आरंभी कोकणातून वा घाटावरून मुंबईस येणाऱ्या माणसाला वस्ती निवडण्याचा प्रश्न पडत नसे. गाववाला जेथे, तेथे तो. गिरणीकामगाराने गिरणगावातल्या खोलीत वळकटी टाकावी, कारकुनाने गिरगावच्या चाळीत. १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्या ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या, तेव्हा पांढरपेशा कुटुंबास वारा कोणत्या दिशेने येतो हे पाहून जागा घेण्याची चैन प्रथम परवडू लागली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्या काळची नावे. त्या काळची दृष्टी आणि तिची मर्यादा, दोन्ही त्या नावांतच वाचता येतात.

पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी गोठविली. युद्धोत्तर टंचाईत सामान्य माणसाचे छप्पर वाचविणे हा त्या कायद्याचा हेतू होता आणि तो सफलही झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तात्पुरते म्हणून केलेले बंधन अर्धशतक टिकले. भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा धंदा आतबट्ट्याचा झाला. मालकांनी डागडुजी सोडली. पागडीची प्रथा बळावली. जे आत होते ते तीन पिढ्या आत राहिले, जे बाहेर होते ते बाहेरच राहिले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, तोही जुन्या भाडेकरूंच्या संरक्षणाला फारसा धक्का न लावता. आज नव्याने बिऱ्हाड करणारा मनुष्य मात्र कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हे. तो 'लीव्ह अँड लायसन्स'वर, म्हणजे मालकाच्या परवानगीने काही काळ राहणारा इसम. मुदत संपल्यावर त्याने जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई त्याच्यावर बसते. एकाच इमारतीत तळमजल्यावरचा पागडीवाला शंभर-दोनशे रुपयांत आणि वरच्या मजल्यावरचा परवानगीवाला पगाराचा निम्मा भाग देऊन राहतो, हे चित्र आपल्याकडे इतके नित्याचे आहे की त्याचे आश्चर्यही कोणास वाटत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. जागा शोधणारा मनुष्य प्रथम भाडे पाहतो, आणि तेथेच बहुधा फसतो. विरारपासून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर आहे. कल्याणपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ५४. दारापासून कचेरीच्या टेबलापर्यंत जाण्यायेण्याचे तीन तास धरले, महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर अकरा महिन्यांच्या एका करारात ८२५ तास होतात. म्हणजे चौतीस अहोरात्र गाडीत, आणि तीही बहुधा उभ्याने. भाड्यात वाचलेल्या रकमेतून या चौतीस दिवसांची किंमत वजा करून मगच घर स्वस्त की महाग ते ठरवावे. नवरा आणि बायको दोघेही नोकरी करीत असतील तर हा हिशेब दोनदा मांडावा. आणि ज्याची कचेरी दूर त्याच्या सोयीने नव्हे, तर ज्याला घरी परतून पुन्हा स्वयंपाकघरात उभे राहावयाचे असते त्या व्यक्तीच्या सोयीने वस्ती ठरवावी. ही व्यक्ती कोण, हे सांगावयास नको.

मेट्रोमुळे या हिशेबात काही फरक पडला आहे. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मार्ग सुरू झाला, तेव्हा पूर्व आणि पश्चिम उपनगरे प्रथमच नीट जोडली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग संपूर्ण खुला झाला. स्थानक जवळ आले की भाडे वर चढते, हे दलालास आधी कळते आणि भाडेकरूस नंतर. तथापि मुख्य स्थानकाला चिकटून असलेल्या जागेपेक्षा बसने दहा मिनिटांवर असलेली वस्ती अजूनही अनेकदा शहाणपणाची ठरते. मात्र ती बस रात्री दहानंतर असते किंवा नाही, हे दलालास विचारू नये. थांब्यावर उभे राहून पाहावे.

जागा सायंकाळी पाहावी, आणि शक्य असेल तर पावसात पाहावी. हा उपदेश आम्ही पुस्तकातून घेतलेला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका पश्चिम उपनगरात तळमजल्याची जागा घेतली. महिना एप्रिलचा होता. मालकाने भिंतींना कंबरेइतक्या उंचीपर्यंत ताजा निळा रंग दिला होता आणि वर जुनाच पिवळा ठेवला होता. आम्हांस ती त्याची रसिकता वाटली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी घरात शिरले आणि बरोबर निळा रंग संपतो तेथे येऊन थांबले. पुस्तकांची एक पेटी गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ती गोष्ट सोडा. असा दिवस क्वचित उगवतो. परंतु हिंदमाता असो की मिलन सबवे, दर पावसाळ्यात कोठे पाणी तुंबते हे त्या त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त नव्या बिऱ्हाडकरूला. त्याने मालकाऐवजी कोपऱ्यावरच्या वाण्याला आणि इस्त्रीवाल्याला विचारावे. नळाला पाणी किती वाजता येते, टँकर मागवावा लागतो काय, मागचा भाडेकरू का गेला, या तीन प्रश्नांची उत्तरे इस्त्रीवाल्याकडे असतात. आणि त्यास दलाली नसल्यामुळे ती बहुधा खरी असतात.

संपादकाच्या खुर्चीवर येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो. 'वडिलांची बदली' हे कारण त्यात पूर्वी असे. पुढे पुढे 'राहण्याची जागा बदलली' हे कारण वाढत गेले. सातवीत एक मुलगी आली होती, तिच्याजवळ असे तीन दाखले होते. हुशार पोर. परंतु तिला एकच कविता दोन शाळांत दोनदा शिकविली गेली होती आणि अपूर्णांक एकदाही नीट शिकविले गेले नव्हते. वर्गात नवे नाव पुकारले की ती मान वर करीत नसे, कारण आपण येथे किती दिवस आहोत याची तिला खात्री नसे. मुलांची शाळा असेल तेथपासून चालत जाण्याच्या अंतरावर लहान जागा घ्यावी आणि एक खोली कमी घ्यावी, असे आम्ही पालकांस तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो.

आणि येथे अकरा महिन्यांच्या करारावर चार शब्द लिहिणे अवश्य आहे. एक वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, या जुन्या समजुतीतून ही मुदत रूढ झाली. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर अटींविषयी वाद उत्पन्न झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरावे असे कायदा सांगतो. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा महिने ठरले ते कारणच येथे उरलेले नाही. असा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. मग बावीस वा तेहेतीस महिन्यांचा करार, वार्षिक वाढ आधीच ठरवून, का करू नये? मालकाला दर वर्षी दलाली वाचते, भाडेकरूला दर वर्षी टेम्पो वाचतो. विरोध करतो तो दलाल, आणि त्याचे कारण उघड आहे. अनामत रकमेचेही तसेच. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये अशी तरतूद आहे. मुंबईत तीन-चार महिन्यांची अनामत मागतात आणि ती परत देताना भिंतीवरच्या खिळ्यांची भोके मोजतात.

इतका वेळ आम्ही 'निवड' हा शब्द वापरला. तो सर्वांना लागू पडतो काय?

आमच्या कचेरीत एक तरुण मुद्रितशोधक आहेत. मराठी इतके शुद्ध की आमच्याही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते निमूटपणे दुरुस्त करतात. लग्न झाले, तेव्हा त्यांनी दादर ते मुलुंड या पट्ट्यात जागा शोधण्यास आरंभ केला. भाडे परवडत होते, अनामत तयार होती. फोनवर बोलणे ठरे. आडनाव सांगितले की जागा 'कालच गेलेली' असे. दोन महिन्यांत अशा अकरा जागा काल गेल्या. अखेर त्यांनी मुंब्र्याला बिऱ्हाड केले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली. त्यांनी ती वस्ती वाऱ्याची दिशा पाहून निवडली होती, असे कोणी म्हणणार नाही. आणि ही गत एकाच धर्माची नव्हे. आडनावावरून जात ओळखून 'विचार करून कळवतो' म्हणणारे मालक आहेत. एकट्या स्त्रीला, मग ती प्राध्यापिका का असेना, रात्री किती वाजता परतता असे विचारणारे चिटणीस आहेत.

मराठी कुटुंबाला मासे खाता म्हणून एखाद्या इमारतीत जागा नाकारली जाते, तेव्हा आमच्या वाचकांची पत्रे येतात. त्यांतला संताप रास्त असतो आणि आम्ही ती पत्रे छापतो. परंतु त्याच वाचकांच्या सहकारी संस्थेत, 'आपल्याकडे सगळी एकाच पद्धतीची माणसे आहेत' या सोज्वळ वाक्याच्या आड जे चालते, त्याविषयी एकही पत्र आलेले आम्हांस स्मरत नाही. एका दारात मार खावा आणि दुसऱ्या दारात उभे राहून मारावा, असा हा प्रकार आहे.

कायदा येथे दुबळा आहे. राज्यघटनेचे पंधरावे कलम मुख्यत्वे शासनाला बांधते. आपले घर कोणास भाड्याने द्यावे हे ठरविणाऱ्या खासगी मालकापर्यंत ते पोहोचत नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे तेविसावे कलम पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारू नये असे सांगते खरे. परंतु अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, २००५ साली, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. तेव्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढून हा प्रश्न सुटेल असे आम्हांस वाटत नाही. तो विधिमंडळातच सुटला पाहिजे. धर्म, जात, भाषा, आहार वा वैवाहिक स्थिती या कारणांवरून भाड्याची जागा नाकारणे हा दंडनीय अपराध ठरविणारे कलम १९९९ च्या कायद्यात घालावे, अशी आमची मागणी आहे. स्वतःच्या राहत्या घरातली एखादी खोली देणाऱ्यास हवी तर सूट ठेवा. इमारतीच्या इमारती बंद करून बसलेल्या संस्थांना ठेवू नका. कायद्याने मन बदलत नाही, हा आक्षेप आम्ही ऐकून आहोत. अस्पृश्यता पाळणे हा अपराध ठरविला तेव्हाही तो घेतला गेला होता.

तोवर संस्थांच्या चिटणीसांना एक गोष्ट आठवून देतो. सभासदाने कोणता भाडेकरू ठेवावा याला संस्थेची परवानगी लागत नाही. आदर्श उपविधींनुसार संस्थेला पूर्वसूचना दिली की पुरे. 'ना हरकत' पत्र अडवून धरण्याचा अधिकार ज्या कार्यकारिणी वापरीत आहेत, तो त्यांना कोणी दिलेला नाही.

हा अग्रलेख तपासून आमच्या टेबलावर परत आला, तेव्हा त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका दुरुस्त केलेल्या होत्या. आणि आमचे मुद्रितशोधक मुंब्र्याची शेवटची गाडी चुकू नये म्हणून निघून गेले होते.