एका छपराखाली दोन भाषा

शाळेत तिसरी भाषा कोणती असावी, या प्रश्नावरून महाराष्ट्र २०२५ साली किती तापला होता, याचे स्मरण वाचकांना असेलच. १६ एप्रिल व १७ जूनचे दोन्ही शासननिर्णय २९ जून रोजी सरकारला मागे घ्यावे लागले. शाळेच्या भाषेचा वाद चव्हाट्यावर होतो आणि म्हणून तो निकालात तरी निघतो. उपासनेच्या भाषेचा वाद दबक्या आवाजात चालतो व पिढ्यान्‌पिढ्या मुरतो. रत्नागिरी जिल्ह्यातील मूठभर ख्रिस्ती समाजापुढे हा दुसऱ्या जातीचा प्रश्न आहे. समाज लहान आहे म्हणून प्रश्नही लहान आहे, असे आम्ही मानीत नाही.

दक्षिण कोकणातील कॅथॉलिक कुटुंबांचे मूळ बहुतांशी गोव्याकडचे. घरात कोंकणी, शाळेत आणि बाजारात मराठी, हा त्यांचा जुना रिवाज. चर्चमध्ये मात्र कित्येक शतके लॅटिन चालत होती. ती सर्वांना सारखीच परकी असल्यामुळे तिच्यावरून कोणी कोणाशी भांडत नव्हते! ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना दार उघडले, आणि त्याच दारातून ‘लोकभाषा कोणती?’ हा प्रश्नही आत आला.

त्याचे उत्तर कोकणात अवघड होते याचे कारण भाषेपेक्षाही लिपीत आहे. गोव्याच्या चर्चने कोंकणी प्रार्थना आणि गायने परंपरेने रोमन लिपीत छापली. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाच्या हाती आजीचे प्रार्थनापुस्तक दिले, तर कानाला ओळखीची असलेली प्रार्थना त्याच्या डोळ्यांना अनोळखी वाटते. आजीला मराठी पुस्तकातील देवनागरी तितकीच जड जाते. दोघे एकाच बाकावर बसतात. एकाच पुस्तकातून गाऊ मात्र शकत नाहीत. गंमत अशी की, या दोन्ही भाषांची सेवा एकाच धर्मगुरूने केली होती. ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचून १६१६ साली छापणारे फादर स्टीफन्स यांनीच कोंकणीत धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी लिहिली. ती त्यांच्या पश्चात १६२२ साली प्रसिद्ध झाली. जन्माने इंग्रज असलेल्या त्या गृहस्थास दोन्ही भाषा परक्याच होत्या, पण त्यांपैकी एकच पुरे असे त्यांस वाटले नाही.

यावर स्वतंत्र धर्मग्रामाचा उपाय सुचविला जातो. धर्मग्राम सामान्यतः प्रदेशावरून ठरावा, परंतु आवश्यक तेथे भाषेवरूनही तो स्थापिता यावा, अशी तरतूद १९८३ च्या चर्च-कायद्याच्या ५१८ व्या कलमात आहे. महानगरास ती परवडेल. रत्नागिरीसारख्या ठिकाणी मूठभर घरांची आणखी दोन मुठी करून दोन छपरे, दोन धर्मगुरू आणि दोन वर्गण्या कोण पोसणार? मुंबई-पुण्यात केरळातून आलेल्या मंडळींच्या उपासना दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये ठरल्या वेळी होतात, हा दाखलाही येथे पुरता लागू नाही. ती मंडळी पाहुणी आहेत. कधी उठावे हे पाहुण्यास ठाऊक असते. एकाच धर्मग्रामातील दोन भाषिक हे दोघेही घरधनी, आणि घरधन्यास ‘आता तुमची वेळ संपली’ हे ऐकवत नाही. बंगळूरच्या धर्मप्रांतात कन्नड, तमिळ व कोंकणी उपासनेवरून अनेक दशके जी कटुता माजली, तिच्या मुळाशी हाच दुखावलेला घरधनीपणा होता.

रत्नागिरीस एका छपराचा विचार नवा नाही. १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या द्रव्यसाहाय्याने पतितपावन मंदिर उभे राहिले, तेव्हा आत कोणी यावे हा प्रश्न होता. येथे आत सगळेच आहेत. कोणी केव्हा यावे, एवढेच ठरवावयाचे आहे. तेही रविवारपुरते सोपे आहे. एका भाषेची मिस्सा सातला, दुसरीची नऊला, आणि दर तिमाहीस वेळांची अदलाबदल, एवढ्याने भागते. अदलाबदल मात्र झालीच पाहिजे. सोयीची वेळ कायमची एकाकडे राहिली, की दुसरा आपणास पोटभाडेकरू समजू लागतो.

कसोटी लागते ती न वाटता येणाऱ्या दिवशी. गुड फ्रायडेचा विधी आणि ईस्टरच्या पूर्वरात्रीची उपासना साधारणतः एकाच वेळी, सर्वांसाठी मिळून होते. त्या दिवशी संख्येने मोठा गट आपली भाषा चालवितो आणि लहान गट मुकाट्याने मागच्या बाकावर बसतो. दुसऱ्या वर्षी तो येतच नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व कोल्हापूर या जिल्ह्यांसाठी २००५ साली पुण्यापासून निराळा होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला, त्यास आता दोन दशके लोटली आहेत. या विधींतील वाचने कोणत्या भाषेत व गायने कोणत्या, हे आयत्या वेळी गायकवृंदावर न सोपविता चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी दोन्ही बाजूंना बसवून लेखी ठरवावे, आणि कोंकणी गायने देवनागरीतही छापून घ्यावीत, अशी आमची सूचना आहे. छपाईचा खर्च एका सणाच्या रोषणाईहून अधिक येणार नाही.

अंत्यविधीला मात्र बहुमताचा नियम लावू नये. ज्याची शवपेटी वेदीसमोर ठेवली असेल, त्याने आयुष्यभर ज्या भाषेत प्रार्थना केली त्याच भाषेत त्यास निरोप मिळावा. मग ती भाषा जाणणारी त्या चर्चमध्ये चारच माणसे उरली असोत.